पिशवीसारखं पडायचं

हॉस्पिटलच्या तळमजल्यावर, एक्स-रेच्या खोलीला लागून प्लास्टरची खोली होती. त्या खोलीचा सगळा कारभार जिच्या हातात होता, तिला लहानथोर सगळे प्लास्टरताई म्हणत. डॉक्टर हाड जागेवर बसवून पुढच्या पेशंटकडे वळले की उरलेलं काम ताईचं. आधी कापसाची गुंडाळी, मग कोमट पाण्यात बुडवून पिळलेली पट्टी, एकावर एक, तळव्यानं गुळगुळीत करत करत. "आता जरा गरम लागेल हं, घाबरायचं नाही," हे वाक्य ती इतक्या वेळा म्हणायची की एकदा घरी लेकीच्या अंगावर अंघोळीचं पाणी घालतानाही तिच्या तोंडून तेच निघालं होतं.

तिच्याकडे येणारी निम्मी गिऱ्हाइकं शाळकरी पोरं. आणि पोरांचं मोडतं ते बहुतेक मनगट. सायकलवरून पडा, झोपाळ्यावरून पडा नाहीतर नुसते जिन्यावरून धडपडा, पडताना हात पुढे जातो आणि सगळा भार त्या बिचाऱ्या मनगटावर येतो. "पडताना हात पुढे टाकलास ना?" ताई विचारायची, आणि पोरं डोळे मोठे करून बघायची, हिला कसं कळलं! ताईचं स्वतःचं एकही हाड आजवर मोडलं नव्हतं. ती पडली नव्हती असं नाही. पावसाळी फरशीवर, बसच्या पायरीवर, एकदा तर ओल्या प्लास्टरच्या राड्यात ती सपशेल आडवी झाली होती, आणि लगेच उठून कामाला लागली होती. "ताई, तुम्ही रबराच्या आहात का?" असं नर्स हसून म्हणाल्या होत्या. ताईनं ते हसण्यावारी नेलं होतं.

ताईची एकुलती एक लेक म्हणजे भिंगरी. चौथीत शिकणारी ही पोर सरळ चालायची म्हणून नाहीच. दात घासताना गिरकी, दार उघडायला जाताना गिरकी, मोजे घातलेले असले तर गुळगुळीत फरशीवर दोन गिरक्या जास्त. म्हणून घरात सगळे तिला भिंगरी म्हणत. खरं नाव फक्त शाळेच्या हजेरीपुरतं उरलं होतं.

एके दिवशी ताई कामावरून घरी आली तर भिंगरी दाराजवळच्या स्टुलावर गप्प बसलेली. ताईची आई, म्हणजे भिंगरीची आजी, तिच्यापाशीच राहायची; ती नातीच्या हनुवटीला ओलं फडकं लावत होती. गुडघा सोललेला, दप्तराचा एक पट्टा तुटून लोंबत होता.

"पडले," भिंगरी म्हणाली.

"कशी?"

"अशीच."

ताईनं तिचं मनगट हातात घेतलं आणि अंगठ्यानं एकेक हाड चाचपून पाहिलं. सूज होती, पण मोडलं नव्हतं. "अशीच पडलेली माणसं मी रोज बघते," ती म्हणाली. "तू अशीच पडलेली नाहीस."

मग हळूहळू, तुकड्या-तुकड्यानं सगळं बाहेर आलं. वरच्या वर्गातल्या दोन मुली गेले कित्येक दिवस तिला वाटेत गाठत होत्या. आज बाजाराच्या मागच्या गल्लीत त्यांनी तिचं दप्तर हिसकावलं, बंद पडलेल्या लाकडाच्या वखारीच्या भिंतीपलीकडे भिरकावलं, आणि ती आणायला धावली तेव्हा मागून ढकललं.

भिंगरीचे बाबा विम्याचे एजंट. माणूस स्वभावानं इतका मऊ की समोरच्यानं "विमा नको" म्हटलं तरी त्याचीच समजूत घालून, चहा पाजून परत यायचा. पण त्या दिवशी त्याचे कान तापले. दुसऱ्या दिवशी तो शाळेत गेला. मुख्याध्यापक बाई समजूतदार निघाल्या. त्या दोघींच्या आईवडिलांना बोलावणं गेलं, मुलींनी मान खाली घालून माफी मागितली. शाळेनं शाळेचं काम केलं. दप्तराचा पट्टा शिवून झाला, मनगटाची सूज उतरली. फक्त भिंगरीच्या गिरक्या काही परत आल्या नाहीत. पोर घरातसुद्धा भिंतीला धरून चालायला लागली.

"हिला काहीतरी शिकवूया," एका रविवारी नवरा म्हणाला. "कोणी अंगावर आलं तर स्वतःला सांभाळता येईल असं." आणि त्यानं बॅगेतून गावभरच्या क्लासची पत्रकं काढून टेबलावर मांडली, अगदी पॉलिसी मांडाव्यात तशी. "हे कराटे. हे तायक्वांदो. हे बॉक्सिंग. आता यात बघ, ठोसेही आहेत आणि लाथाही. म्हणजे दोन्ही बाजू कव्हर होतात."

"आणि मुदत कधी पूर्ण होते?" ताईनं विचारलं.

"काळा पट्टा मिळाला की!"

"त्यापेक्षा मीच जाते तिला आणायला," आजी स्वयंपाकघरातून म्हणाली. "माझ्या छत्रीचं टोक बघितलंय का त्यांनी?"

"आई, तुम्ही छत्री घेऊन कुठवर पुरणार?" जावई म्हणाला.

"ज्युदो का नको?" ताई मध्येच म्हणाली. तिच्या तोंडून ते इतकं सहज निघून गेलं की तिचं तिलाच नवल वाटलं.

"तुला काय माहीत ज्युदोतलं?"

"लहानपणी शिकले होते. थोडंसं."

नवरा बघतच राहिला. इतक्या वर्षांच्या संसारात हे त्याला पहिल्यांदाच कळत होतं. स्वयंपाकघरात आजीनं हातातला पेला जरा जोरातच खाली ठेवला.

ते थोडंसं नव्हतं. ताईच्या लहानपणाचा सगळ्यात मोठा तुकडा तोच होता. त्यांच्या जुन्या घराच्या गल्लीच्या टोकाला एक गाद्यांचं दुकान होतं. पुढे गाद्या, उशा, लोड रचून ठेवलेले. मागे लांबच्या लांब शेड, तिथे कापूस पिंजायचं यंत्र दिवसभर घरघरायचं. संध्याकाळी यंत्र थांबलं की शेड झाडून काढायची आणि जमिनीवर गाद्या पसरायच्या. झोपायच्या मऊ गाद्या नव्हेत. गच्च कापूस ठासून, वरून तंबूचं कापड घालून, गादीवाल्या सरांनी स्वतःच्या हातानं शिवलेल्या घट्ट गाद्या. सर तरुणपणी बोटीवर कामाला होते, तिथे ज्युदो शिकले. बुटके, आडवे, मान जवळजवळ नाहीच. अंगठ्याला सुई टोचू नये म्हणून घातलेली चामड्याची टोपी ते शिकवतानाही काढायला विसरायचे, आणि ती टोपी ज्युदोच्या कोटाच्या गळपट्टीत अडकली की मुलं खुदूखुदू हसायची.

सर पहिले कित्येक महिने कुणाला पाडायला शिकवायचेच नाहीत. नुसतं पडायचं. मागे पडा, बाजूला पडा, कोलांटी घेऊन पडा. हनुवटी छातीला लावायची, अंग सैल सोडायचं, आणि जमीन लागायच्या क्षणी पसरलेल्या हातानं गादीवर सणसणीत थाप मारायची. मोठी मुलं कंटाळायची, "सर, मारामारी कधी?" म्हणून पिरपिर करायची. ताईला मात्र पडण्याचंच वेड लागलं. एकदा सर शिकवणं थांबवून बघत उभे राहिले आणि म्हणाले, "बघा रे, या पोरीकडे बघा. सामानानं भरलेली पिशवी कट्ट्यावरून खाली पडते ना, तशी पडते ही. कुठे म्हणून आखडत नाही." झालं. त्या दिवसापासून ती पिशवी झाली.

त्या सगळ्या मुलग्यांत मुली दोनच. दुसरी होती जळू. काडीसारखी बारीक, पण एकदा का हिनं समोरच्याच्या कोटाची गळपट्टी धरली की ती सुटायची नाही. पाडा, फरपटवा, गुदगुल्या करा, हात काही सुटत नसत. पिशवी आणि जळू ही जोडी सरांनीच लावली. दिवेलागणीला दोघी घरी निघायच्या तेव्हा केसांत, भुवयांत, कानामागे कापसाचे पुंजके अडकलेले असायचे. रस्त्यावरच्या दिव्याखाली उभ्या राहून त्या एकमेकींचे केस झाडायच्या आणि येणारे-जाणारे बघून हसायचे. त्या कापसाचा आणि यंत्राच्या तेलाचा मिसळलेला वास ताईला अजून कधीतरी, प्लास्टरच्या खोलीत कापसाची नवी गुंडाळी सोडताना अचानक येई, आणि ती क्षणभर थांबे.

मग आठवी संपता-संपता एक दिवस आई म्हणाली, "आता पुरे. मोठी झालीस. अभ्यासाला लाग." त्याच उन्हाळ्यात त्यांनी घरही बदललं. ना सरांचा निरोप घेतला, ना जळूचा.

पण नवऱ्यानं पत्रकं जमवली होती, तेव्हा आधी ती बघणं भाग होतं. पहिला कराटेचा क्लास. एका शाळेच्या सभागृहात पांढऱ्या कपड्यांतली मुलं रांगेनं उभी होती, आणि पुढे एक छोटीशी बाई, चष्मा डोक्यामागे दोरीनं बांधलेला. त्यांनी हात उचलला आणि सगळ्या मुलांनी एकदम ठोसा मारत अशी आरोळी ठोकली की ताईनं दचकून कानावर हात ठेवला. पुन्हा ठोसा, पुन्हा आरोळी. खिडकीच्या काचा थरथरत होत्या. "एवढं घसा फोडून काय होणार?" ती नवऱ्याच्या कानात म्हणाली. "आणि पडायला कोण शिकवणार?" भिंगरी तिचा हात घट्ट धरून, तोंड अर्धवट उघडं टाकून बघत उभी होती. घाबरली बिचारी, ताईला वाटलं, आणि तिनं तिला लवकरच बाहेर आणलं.

दुसरा तायक्वांदोचा. चारी भिंतींना आरसे, आणि शिकवणारा देखणा तरुण मुलांकडे कमी नि आरशाकडे जास्त बघणारा. पण लाथा मात्र अशा की पाहणाऱ्याची टोपी उडावी. नवरा भलताच खूश झाला. घरी येऊन त्यानं स्वयंपाकघराच्या दारात एक लाथ हवेत मारून दाखवली, आणि तसाच, एक पाय अर्धवट वर, दाराची चौकट धरून उभा राहिला.

"काय झालं?" ताईनं विचारलं.

"काही नाही. उसण भरलीये. मला कोणीतरी पलंगापर्यंत नेऊन सोडा."

दोन दिवस तो शेकण्याची पिशवी पाठीखाली घेऊन पडून राहिला, आणि बॉक्सिंगचं पत्रक आपोआप मागे पडलं.

त्याच आठवड्यात ताई कामावरून घरी न येता जुन्या गल्लीकडे जाणाऱ्या बसमध्ये बसली. गल्ली ओळखू येत होती आणि येतही नव्हती. गाद्यांच्या दुकानाच्या जागी नळ आणि टाइल्सचं चकचकीत दुकान होतं. जिथे पिंजण्याचं यंत्र घरघरायचं, तिथे एक पांढराशुभ्र बाथटब मांडून ठेवला होता. ताई त्याच्याकडे टक लावून बघत राहिली, तशी दुकानातली बाई पुढे आली. "मॅडम, यात दुसरा रंगही आहे."

"नाही, मी... इथे पूर्वी गाद्यांचं दुकान होतं."

"ते? ते गेले हो. बरीच वर्षं झाली. त्यांच्याकडे कुस्तीसारखं काहीतरी चालायचं ना? ते मात्र अजून चालतं. फायर ब्रिगेडच्या मागे एक हॉल आहे, तिथे एक बाई शिकवतात. माझी भाची जाते."

शनिवारी ताई भिंगरीला घेऊन निघाली. लाल बंब उभे होते त्या आवारातून मागे गेलं की एक जुना हॉल होता. चार पायऱ्या चढायच्या आतच तिला ते ऐकू आलं, गादीवर पडणाऱ्या हातांचे आवाज, धप्प, धप्प, एकामागून एक. दारात उभं राहून ती आत बघू लागली. गाद्यांवर मुलांची रांग, आणि पाठमोरी उभी असलेली, बारीक कापलेल्या पांढुरक्या केसांची एक बाई.

"चला, आता सगळे पिशवी!" ती बाई म्हणाली.

आणि रांगेतली सगळी मुलं एकदम सैल होऊन मागे कोसळली. धप्प!

"अगं, तू पिशवी नाही, तू लाकडी पेटी झालीस. आखडू नकोस. पुन्हा. पिशवी!"

ताईचे पाय उंबऱ्यातच राहिले. दाराजवळ बसून कोटाची नाडी बांधणाऱ्या एका छोट्या मुलीला तिनं हळूच विचारलं, "पिशवी म्हणजे काय गं?"

मुलीनं तिच्याकडे दयेनं पाहिलं. "पिशवी म्हणजे पिशवी. मागे पडायचं, हनुवटी आत, अंग सैल, आणि थाप."

"पण असं नाव का?"

"तसंच असतं. ज्युदोतला शब्द आहे तो."

ताई हसणार होती, पण तिच्या डोळ्यांत पाणीच आलं. तेवढ्यात ती बाई वळली. बराच वेळ नुसती बघत राहिली. मग मुलांना "पाच मिनिटं पाणी प्या" म्हणाली, गाद्या ओलांडत सरळ दाराशी आली आणि एक शब्द न बोलता तिनं ताईच्या कुर्त्याची गळपट्टी दोन्ही हातांनी घट्ट धरली.

"जळू," ताई म्हणाली.

"आता सुटून दाखव," जळू म्हणाली.

मुलं पाणी पिता-पिता वळून बघायला लागली. त्यांच्या बाईंना असं कुणाला धरून रडताना त्यांनी कधी पाहिलं नव्हतं.

कडेच्या बाकावर बसून दोघी बोलल्या, जेवढं त्या थोड्या वेळात बोलता येईल तेवढं. सरांचे डोळे शेवटी अधू झाले होते, शिवणं सुटलं, पण संध्याकाळी गादीच्या कडेला खुर्ची टाकून बसायचे आणि नुसत्या आवाजावरून कोण चुकीचं पडलं ते सांगायचे. "प्रत्येक नव्या पोराला म्हणायचे, पिशवीसारखं पड. मग पोरंही म्हणायला लागली. आता कुणाला ठाऊकच नाही की पिशवी नावाची खरी मुलगी होती." जळू तिच्याकडे वळली. "तू का आली नाहीस गं परत? सर दोनदा तुझ्या घरी गेले होते."

"आमच्या घरी? सर?"

"तुला माहीत नाही?"

ताईनं मान हलवली. तिला ते माहीत नव्हतं.

भिंगरीला जळूनं गादीवर घेतलं. पोर आधी बिचकली, मग तीन-चारदा पडल्यावर अंग सोडून असं काही सुरेख पडली की जळूनं ताईकडे बघून भुवया उंचावल्या. "आईवर गेलीये." ताईचा ऊर भरून आला. घरी परतताना बसमध्ये तिला काय बोलू नि काय नको असं झालं होतं. "मग? सोमवारपासून येऊया?" तिनं विचारलं.

भिंगरी खिडकीबाहेर बघत होती. "मला कराटे हवंय."

"कराटे? तिथे तर तू घाबरली होतीस!"

"मी नव्हते घाबरले." भिंगरी आईकडे वळली. "त्या चष्म्याच्या बाई ओरडायला शिकवतात. आई, त्या दिवशी मला ओरडायचं होतं. मी तोंड उघडलं, पण आवाजच आला नाही. पलीकडेच भाजीवाल्या बसल्या होत्या. त्यांना कळलंच नाही, कारण मी ओरडलेच नाही."

"आधी पडायला शिकायला हवं," ताई म्हणाली. "ओरडून हाड वाचत नाही. मी रोज बघते. आणि काय शिकायचं ते मोठ्यांना जास्त कळतं." बसमधून उतरताना भिंगरीनं आईचा हात धरला नाही.

घरी आजी वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होती. ताई तिच्यासमोर जाऊन बसली.

"आई, सर आपल्याकडे आले होते?"

आजीचे हात थांबले. तिनं कुठले सर असं विचारलं नाही. "आले होते," ती म्हणाली. "कोणी सांगितलं?"

"तू का नाही सांगितलंस?"

आजीनं घातलेली घडी मोडली आणि पुन्हा घातली. "तुझ्या हातापायांवर निळे डाग असायचे. आठवतं? तिसऱ्या मजल्यावरच्या बाईनं मला जिन्यात गाठून विचारलं, तुमच्या घरात पोरीवर कोण हात उचलतं म्हणून. तुझे वडील! ज्यांनी आयुष्यात कधी झुरळसुद्धा मारलं नाही. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्याच रात्री मी ठरवलं, आता हे बंद."

"मग मला विचारायचं तरी."

"विचारलं असतं तर तू रडली असतीस. आणि तू रडली असतीस तर मी हो म्हटलं असतं. म्हणून नाही विचारलं." आजी खिडकीकडे बघू लागली. "पहिल्यांदा आले तेव्हा दारातच उभे होते. म्हणाले, माझ्याकडून मुलीला काही दुखलंखुपलं का? मी म्हटलं, नाही, अभ्यास आहे. दुसऱ्यांदा आले तेव्हा आपलं सामान बांधून झालं होतं. काखेत एक उशी होती. स्वतः शिवलेली. म्हणाले, नव्या घरी झोप लागायला उपयोगी पडेल."

"कुठली उशी?"

"निळ्या रेघांची."

निळ्या रेघांची उशी. लग्न होईपर्यंत ती तिच्यावरच झोपली होती. अभ्रे फाटले, बदलले, पण उशी कधी चेपली नाही की गोळे झाले नाहीत. "तू तर म्हणाली होतीस, बाजारातून आणली."

"म्हणाले होते मी तसं," आजी म्हणाली. तिचा चेहरा एकदम म्हातारा दिसला. "तू रोज त्या उशीला मिठी मारून झोपायचीस आणि मी दिवा घालवायचे. सांगावं असं किती वेळा वाटलं. पण जितके दिवस जातात तितकं तोंड उघडणं जड होतं गं."

ताई चिडली होती, आणि चिडून तिथून उठणारही होती. पण आईच्या मांडीवर भिंगरीचा छोटासा फ्रॉक घडी घालायचा राहिला होता, आणि त्याकडे बघताना तिला बसमधलं स्वतःचंच बोलणं आठवलं. मोठ्यांना जास्त कळतं. किती सहज म्हणून गेली होती ती. तिनं तो फ्रॉक उचलला, घडी घातली आणि गठ्ठ्यावर ठेवला. "बरं झालं सांगितलंस," एवढंच ती म्हणाली. मग आतल्या खोलीत जाऊन भिंगरीशेजारी पलंगावर बसली.

"कराटे तर कराटे," ती म्हणाली. "पण माझी एक अट आहे."

"काय?"

"पहिली आरोळी मला ऐकवायची."

पहिली आरोळी ऐकवायला भिंगरीला बराच वेळ लागला. क्लासमध्ये तिच्या तोंडून उंदराची चूंचूं निघायची. चष्म्याच्या बाई हसायच्या नाहीत. "आवाज कुठेतरी आत आहे, पोटात बघ, पोटात," म्हणायच्या. भिंगरी घरी पोटावर हात ठेवून आवाज शोधत फिरायची. आणि एका सकाळी तो सापडला. बाबा चहाचा कप तोंडाला लावणार तोच मागून अशी काही आरोळी आली की अर्धा चहा त्याच्या शर्टावर आणि अर्धा वर्तमानपत्रावर. वरच्या मजल्यावरून कोणीतरी "काय झालं हो?" म्हणून विचारलं. आजीनं खिडकीतून मान बाहेर काढून अभिमानानं सांगितलं, "काही नाही, आमची भिंगरी आहे!"

त्या दोन मुलींशी गाठ पडली ती थंडीच्या दिवसांत, त्याच गल्लीत. त्यातल्या एकीनं हसत हसत भिंगरीच्या दप्तराचा पट्टा धरला. भिंगरीनं लाथ मारली नाही की ठोसा मारला नाही. पाय रोवून उभी राहिली आणि पोटातून ओरडली, "सोड!" भाजीवाल्या माना वळवून बघायला लागल्या. एक तर हातातला तराजू तसाच घेऊन उठली, "काय गं, काय चाललंय?" मुलीनं पट्टा सोडला. "वेडीच आहे ही," असं पुटपुटत दोघी लगबगीनं निघून गेल्या. पुन्हा त्यांनी तिची वाट अडवली नाही. भिंगरीनं हे घरी सांगितलं ते जेवता-जेवता, शाळेत फळ्याला नवा रंग दिला असं सांगावं तसं, आणि पुन्हा वाढून मागितलं. जेवण झाल्यावर हात धुवायला जाताना तिनं मोज्यांवर एक गिरकी घेतली. नवऱ्यानं फक्त टेबलाखाली ताईचा हात दाबला.

ताई आता शनिवारी एकटीच फायर ब्रिगेडमागच्या हॉलमध्ये जाते. पहिल्या दिवशी अंग असं ठणकलं की सोमवारी डॉक्टरांनी विचारलं, "ताई, तुमचाच एक्स-रे काढायचा का?" जळूनं मुलांना तिची ओळख करून दिली नाही. "या नव्या आहेत, सांभाळून घ्या," एवढंच म्हणाली, आणि एका बारक्या मुलानं ताईला अगदी मन लावून पिशवी कशी पडते ते शिकवलं. ताईनंही मन लावून शिकून घेतलं.

मुलं गेली की गाद्या आवरायच्या, दिवे मालवायचे, आणि दोघी हॉलच्या पायऱ्यांवर टेकायच्या. बोलायला खूप होतं. जळूचं लग्न झालं होतं, मोडलं होतं. तिचा मुलगा दुसऱ्या देशात होता. सरांच्या बायकोला शेवटची काही वर्षं जळूनंच सांभाळलं होतं. एकदा ताईनं उशीची गोष्ट सांगितली.

"त्यांनी मला पण विचारलं होतं," जळू म्हणाली. "पिशवीला कुठला रंग आवडतो म्हणून. मी म्हटलं निळा. मला वाटलं, कोट शिवतायत."

समोरच्या रस्त्यावरून बस आली, दार उघडलं, थोडा वेळ थांबली. ताई उठली नाही. बसचं दार बंद झालं आणि ती निघून गेली.

"पुढची किती वेळानं आहे?" जळूनं विचारलं.

"येईल की कधीतरी," ताई म्हणाली, आणि पायऱ्यांवर पाय लांब करून बसली. "तू सांग. मी गेल्यावर तुझी जोडी कुणाशी लावली सरांनी?"